दहा मिनिटं की तासभर? पुण्यात व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीत थंडी पडायला लागली की कोणी ना कोणी लिफ्टपाशी गाठतंच, "ताई, ते दहा मिनिटांचं हिट केलं तर चालतं ना, रोज तासभर तळजाई टेकडीवर चालायला जायला वेळ कुठून काढू?" (हिट म्हणजे थोडा वेळ जीव तोडून जोर, मग थोडी विश्रांती, असे फेरे.) सहकारनगरहून हिंजवडीला जाऊन यायलाच ज्याचे तीन तास जातात त्याने हे विचारलं तर त्यात आळस नाहीये, त्याला खरंच वेळ नाहीये, आणि म्हणून "अहो, वेळ काढायचा असतो" असलं उत्तर द्यायला मला आवडत नाही. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी शून्यातून सुरुवात केली, आधी चुकीची आणि मग नीट, तेव्हा जे मला कोणीतरी ओळीने सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय.

उत्तर आधीच देऊन टाकते. तुम्हाला दम वाढवायचा असेल, म्हणजे जिना चढताना धाप लागू नये, हृदय-फुफ्फुसं तगडी व्हावीत, तर छोटा पण जोरदार व्यायाम लांब व्यायामाची जागा बऱ्यापैकी घेतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण वजन उतरवणं, सिंहगड न थांबता चढण्याइतकी चिकाटी, गुडघे-घोटे-पोटऱ्यांची सवय, हे दहा मिनिटांत होत नाही. आणि जो माणूस कित्येक वर्षं खुर्चीतच बसून आहे त्याने पहिल्याच दिवशी हिट करूच नये, आधी चालावं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आता का आणि कसं ते सांगते.

हे दहा मिनिटांचं आलं कुठून

मोबाइलवर ज्या चार मिनिटांच्या व्यायामाला 'ताबाता' म्हणतात ते नाव इझुमी ताबाता या जपानी संशोधकाचं. १९९६ साली त्यांच्या गटाने दोन प्रकारचे व्यायाम तपासले. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस रोज तासभर मध्यम वेगाने सायकल मारली. दुसऱ्याने २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबायचं, असे सात-आठ राउंड, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचा व्हीओटू मॅक्स वाढला (शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं हे माप) आणि चार मिनिटंवाल्यांची ऑक्सिजनशिवाय जोर लावायची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली, तासवाल्यांची ती वाढली नाही. लोक इथपर्यंतच वाचतात आणि थांबतात. पण ती पोरं तरुण होती, आधीपासून खेळणारी होती, प्रयोगशाळेतल्या सायकलवर होती, आणि त्यांचा जोर व्हीओटू मॅक्सच्या १७० टक्के इतका होता, म्हणजे सातव्या-आठव्या राउंडला पाय थांबायचेच. शिवाय त्या चार मिनिटवाल्या गटालासुद्धा आठवड्यातून एक दिवस अर्धा तास मध्यम वेगाची सायकल होतीच. हॉलमध्ये टीव्ही बघत चार मिनिटं हातपाय हलवले की ते ताबाता होत नाही.

आपल्यासारख्यांना जास्त उपयोगाचा अभ्यास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा आहे, मार्टिन गिबाला यांच्या गटाचा, २०१६ सालचा. त्यात व्यायाम न करणारे पुरुष घेतले होते. एका गटाला दहा मिनिटांचं सत्र, ज्यात फक्त तीन वेळा २० सेकंद पूर्ण जोर आणि बाकी सगळं वॉर्मअप, मधलं हळू पॅडल मारणं आणि कूलडाऊन. दुसऱ्याला ४५ मिनिटं मध्यम सायकल. दोघांनाही आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. शेवटी दोन्ही गटांचा व्हीओटू साधारण १९ टक्क्यांनीच वाढला, इन्सुलिनला शरीर कसा प्रतिसाद देतं तेही दोघांचं सारखंच सुधारलं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप धीर आला होता, कारण दहा मिनिटं तर माझ्याकडेही होती.

मग तासभर चालणं सोडून द्यायचं का? नाही, आणि त्याचं कारण हिशोबात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचाल हवी, आणि त्याच्या जोडीला दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. तीन वेळा दहा मिनिटं केली तर आठवड्याला तीसच होतात, त्यात खरा जोर तीन मिनिटांचा. दम वाढेल, पण उरलेला आठवडा खुर्चीतच जाणार असेल तर बाकीची भर कुठून पडणार.

पायरी १: बूट घालायच्या आधी

बीपी, शुगर, छातीत कधी दुखलंय, थोड्या चढाला विचित्र धाप लागते, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय, सिगरेट चालू आहे, गरोदर आहात, यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "मी व्यायाम करू का" असं नका विचारू, "मी धाप लागेपर्यंत जोर लावू का" असं विचारा, कारण दोन्हीची उत्तरं वेगळी असू शकतात.

आमच्या शेजारच्या काकांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी आहे. त्या गोळीने नाडीचे ठोके वाढायलाच अडकतात, मग घड्याळातला आकडा बघून "अजून जोर हवा" असं वाटत राहतं आणि माणूस नको इतका ताणतो. अशांनी आकडा बघूच नये, दमावर जावं. शुगरवाल्यांसाठी दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर शुगर एकदम उतरू शकते, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मधुमेहामुळे पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जोराच्या व्यायामाने आत रक्तस्राव व्हायची भीती असते.

आणि "मी बारीकच आहे, मला काय गरज" असं म्हणणाऱ्यांसाठी एक पुण्यातलीच गोष्ट. आपल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे संशोधक जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे दोघांच्या फोटोसकट छापून आलं होतं. आपली भारतीय शरीरं वरून बारीक दिसतात आणि आतून चरबी धरून असतात, त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर असेल तर ती जास्त धरतात.

पायरी २: चार आठवडे फक्त चाला

ही पायरी मी गाळली होती. ऑफिसमध्ये दिवसभर बसून संध्याकाळी थेट एका जिमच्या बॅचला गेले, पहिल्याच दिवशी ठोकळ्यावर उड्या मारायला लावल्या, वॉर्मअप दोन मिनिटांचा, आणि बाराव्या-तेराव्या उडीला पोटरीत अशी चमक आली की तीन आठवडे जिना एकेक पाय टाकत उतरत होते. दम तसा पटकन वाढतो, काही आठवड्यांत फरक जाणवतो, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे जे दोर असतात ना, टाचेमागचा, गुडघ्याखालचा, ते फार सावकाश तयार होतात, आणि मन म्हणतं झालं की आता, अजून जोर लावू, तिथेच दुखापत होते.

तर पहिला आठवडा रोज २० मिनिटं, पाच दिवस. दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्याला ४० वर या. वेग कसा ओळखायचा? बरोबरच्या माणसाशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तो मध्यम वेग. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही भाजी आणायला निघालाय त्या वेगाने चाललाय. दोन-तीन शब्दांतच श्वास घ्यावा लागतोय, तो जोरदार, तो सध्या नको. २२० वजा वय हे सूत्र सगळे सांगतात, पण त्यात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे मी बोलण्याचीच परीक्षा धरते.

जागेची पुण्यात कमी नाही. तळजाईचा सपाट पट्टा, सारसबाग, कोथरूड-पौड रोडवाल्यांना एआरएआयची टेकडी, सेनापती बापट रोडवाल्यांना हनुमान टेकडी, औंध-बाणेरवाल्यांना बाणेर टेकडी. थंडीत अगदी पहाटे पालापाचोळा जाळलेला धूर खाली साचून असतो, तसा वास आला तर सरळ घरी व्यायाम करा किंवा ऊन वर आल्यावर बाहेर पडा.

पायरी ३: पायात ताकद

चालण्याबरोबरच आठवड्यातून दोन दिवस दहा-बारा मिनिटं. खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका दहा, भिंतीला हात लावून जोर दहा, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली पंधरा, असे दोन-तीन फेरे. टाचांचा व्यायाम कोणी मनापासून करत नाही पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, पोटरी आणि टाचेचा दोर त्यानेच तयार होतो. पुण्याला हे नवीनही नाही, पेठांतल्या तालमींत जोर-बैठका अशाच फेऱ्यांनी, मध्ये दम खात काढल्या जातात, आणि टिळक रोडचं महाराष्ट्रीय मंडळ तर १९२४ पासून लोकांना व्यायाम शिकवतंय. शिकवणारं चांगलं माणूस हवं असेल तर जवळच्या तालमीत किंवा अशा संस्थेत आधी एकदा जाऊन बघा, महागड्या बॅचचे पैसे नंतर भरा.

पायरी ४: पहिला जोर, तोही चालूनच

पाचव्या आठवड्यात तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं रमतगमत, असे पाच फेरे. बस, एवढंच. जपानमध्ये मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठाने हेच मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांकडून पाच महिने करून घेतलं, आणि नुसतं एका वेगात चालणाऱ्यांपेक्षा त्यांचा दम आणि मांड्यांची ताकद जास्त वाढली, बीपीही जास्त उतरलं. ज्यांचं वय साठीपुढे आहे किंवा गुडघे कुरकुरतात त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मी माझ्या आईला याच्या पुढे नेलेलं नाही आणि नेणारही नाही. बाकीच्यांनी तीन-चार आठवडे आठवड्यातून तीनदा हे करा.

पायरी ५: आता ते दहा मिनिटं

यासाठी जिना सगळ्यात चांगला, कारण चढताना पाय आपटत नाही आणि जोर आपोआप लागतो. मॅकमास्टरच्याच लोकांनी २०१७ मध्ये व्यायाम न करणाऱ्या बायकांना तीन वेळा २० सेकंद जिना पळत चढायला लावला, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे, आणि त्यांचा व्हीओटू १२ टक्क्यांनी वाढला. बिल्डिंगचा जिना पुरतो, फक्त दुपारी भांडीवाल्या मावशींच्या आणि शाळेतून येणाऱ्या पोरांच्या वेळेला नको.

मी आठवड्यातून एकदा पर्वतीवर जाते. १०३ पायऱ्या, रुंद, दगडी, चढ बेताचा. आधी पायथ्याशी पाच मिनिटं चालून अंग गरम करते आणि एकदा सावकाश वर जाऊन खाली येते, ही खेप अजिबात सोडायची नाही. मग २० सेकंद जेवढ्या जोरात चढता येईल तेवढं चढायचं, वीस सेकंदांत सगळ्या पायऱ्या होत नाहीत आणि व्हायलाही नकोत, जिथे पोचाल तिथे वळायचं आणि चालत, कठड्याच्या बाजूने, दोन मिनिटांत खाली. असे तीनदा. मग पाच मिनिटं हळू चालणं. उतरताना पळायचं नाही, गुडघ्याला आणि मांडीला मार उतरतानाच बसतो, चढताना नाही. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं, तेव्हा बिल्डिंगचा जिनाच बरा, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गर्दीत जोर लावू नका, वयस्कर माणसं दर्शनाला येत असतात.

पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण जोर लावायचा नाही, दहापैकी सात. मग आठ. दहापैकी दहा हा आकडा नवख्या माणसासाठी नाहीचे.

घरात करायचं असेल आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर राहत असाल तर उड्या मारू नका, खालच्या घरातल्या आजींची झोप मोडते. त्यापेक्षा सूर्यनमस्कार वेगाने एक मिनिट आणि उभ्याने दम खाणं एक मिनिट, असे आठ फेरे. श्वासाचं गणित बिघडतं म्हणून योगावाले नाराज होतील आणि त्यांचं बरोबरही आहे, म्हणून सावकाशीचे सूर्यनमस्कार वेगळ्या दिवशी ठेवा आणि हे वेगळं माना. चुलत्याकडे पडून असलेली व्यायामाची सायकल मिळाली तर अजूनच उत्तम, सांध्यांना सगळ्यात कमी त्रास तिचा.

दोन-तीन महिने असे गेले आणि अजून भूक असेल तर नॉर्वेच्या ट्रॉन्हाइमचं चार-चार बघा. चार मिनिटं अशी चढण की बोलणं तुटेल, मग तीन मिनिटं हळू, असे चार फेरे. वेताळ टेकडीचा चढ त्याला झकास आहे. वॉर्मअप धरून हे पाऊण तासाच्या घरात जातं, म्हणजे इथे वेळ काही वाचत नाही. त्याच ट्रॉन्हाइममध्ये सत्तरीपुढच्या दीड हजारांवर लोकांना पाच वर्षं पाहिलं, काहींना जोराचा व्यायाम, काहींना मध्यम, काहींना फक्त सरकारी सल्ल्याप्रमाणे चालू ठेवायला सांगितलं, तर मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. जोराच्या गटाचे आकडे थोडे बरे होते, पण हिट केलं म्हणजे जास्त जगणारच, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आठवडा कसा लावायचा

माझा असा आहे. मंगळवार आणि शुक्रवार दहा-पंधरा मिनिटांचा जोर. बुधवारी, शनिवारी ताकदीचे व्यायाम. रविवारी सकाळी लांब टेकडी, दीड-दोन तास, अजिबात घाई न करता, नवरा आणि मुलगी बरोबर असतात. उरलेल्या दिवसांत मेट्रोतून एक स्टेशन आधी उतरून चालत घर. जोराचे दोन दिवस लागोपाठ ठेवू नका, आणि आठवड्यात तीनच्या वर नेऊ नका, मोठमोठे धावपटूसुद्धा आपला बहुतेक सराव सावकाशच करतात आणि जोर थोडा वेळच लावतात.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही असा आठवडा आला, लग्नसराई, परीक्षा, हॉस्पिटल, त्यांनी दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटं तरी धाप लागेल असं काही करा, जिना झपझप चढा, सामान उचलून भराभर चाला. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २५ हजारांवर व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांचे आकडे तपासले, तेव्हा असं करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसलं. हे नुसतं निरीक्षण आहे, मुळात धडधाकट माणसंच जिने पळत चढत असतील असंही असू शकतं, पण करायला खर्च काही नाही.

वजनाबद्दल सरळ सांगते कारण इथे सगळ्यात जास्त निराशा होते. साठ किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालला तर साधारण दोनशेच्या आसपास कॅलरी जातात, दहा मिनिटांच्या जिन्यात त्याच्या निम्म्याही जात नाहीत. नंतर दिवसभर कॅलरी जळत राहतात असं जाहिरातीत सांगतात, ते थोडं खरं आहे पण ते जळणं फारच थोडं असतं. वजन ताटातून उतरतं आणि लांब चालण्याने हातभार लागतो, जिन्याने दम वाढतो, दोन्हींकडून वेगळी अपेक्षा ठेवा.

कधी थांबायचं

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, ठोके वेडेवाकडे, तर तिथेच बसा आणि हॉस्पिटल गाठा, घरी जाऊन सोडा प्यायचा नाही. मांड्या भरून येणं दोन-तीन दिवस चालतं, ते ठीक. पण दुखणं भयंकर वाढत गेलं, पाय सुजला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीवर चाललंय असा अर्थ असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या-दुसऱ्या दिवशी अति केलेल्यांना हे होतं, म्हणूनच त्या दहापैकी सात-आठच्या आकड्यावर मी अडून बसते. ताप, डेंगी, चिकुनगुनिया झालेला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर परत पायरी दोनपासून. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत आटपा. भरल्या पोटी जोर नको, पोहे खाल्ले असतील तर दोन तास जाऊ द्या.

आता एक वही घ्या. सुरुवातीच्या दिवशी पर्वतीच्या किंवा तुमच्या बिल्डिंगच्या ठरावीक पायऱ्या नेहमीच्या चालीने चढा, वर पोचल्या पोचल्या नाडी मोजा, एक मिनिट उभं राहून परत मोजा, दोन्ही आकडे तारखेसकट लिहा. बारा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच चालीने पुन्हा. दम वाढला असेल तर पहिला आकडा कमी असेल आणि मिनिटभरात तो पूर्वीपेक्षा जास्त खाली आलेला असेल. माझ्या वहीत पहिल्या वेळी १६२ आणि १४४ आहे, बारा आठवड्यांनंतरच्या ओळीत १४१ आणि १०८.